641 ने भाग जाणारी संख्या

आपली संख्या आहे 4,29,49,67,297, म्हणजेच 4 अब्ज 29 कोटी 49 लाख 67 हजार 297. 2 चा 32 वा घात घेऊन त्यात 1 मिळवला की ती तयार होते.

2 चे 1, 2, 4, 8 आणि 16 हे घात घेऊन प्रत्येकात 1 मिळवला, तर 3, 5, 17, 257 आणि 65,537 या संख्या येतात व त्या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास दर वेळी मूळ संख्याच येईल, असे फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी 1640 मध्ये पत्रातून कळवले. सिद्धता मात्र त्यांच्याजवळ नव्हती. या मालिकेतली सहावी संख्या म्हणजे आपली ही संख्या.

गणिती गोल्डबाख यांनी 1729 मध्ये फर्मा यांचे म्हणणे खरे आहे का, हा प्रश्न स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांच्यापुढे ठेवला आणि 1732 मध्ये ऑयलर यांनी या सहाव्या संख्येचे अवयव जाहीर केले: 641 आणि 67,00,417. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक 64 च्या एखाद्या पटीपेक्षा 1 ने मोठा असतो, हे त्यांनी पुढे सिद्धही केले. अशा मूळ संख्या क्रमाने 193, 257, 449, 577 आणि 641 अशा येतात, त्यामुळे पाचव्याच भागाकारात बाकी शून्य उरते. एरवी 641 पर्यंतच्या 116 मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

मोठा भागाकार न करताही हे पटवता येते, आणि ती रीत फार देखणी आहे. 641 म्हणजे 640 अधिक 1, म्हणून 640 च्या चौथ्या घातातून 1 वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला 641 ने भाग जातो. 640 म्हणजे 5 गुणिले 2 चा सातवा घात. तेव्हा तिचा चौथा घात 625 गुणिले 2 चा 28 वा घात इतका होतो. पण 641 म्हणजे 625 अधिक 16 सुद्धा आहे! म्हणून त्याच चौथ्या घातात 2 चा 32 वा घात मिळवला, तर बेरीज 2 च्या 28 व्या घाताच्या 641 पट होते. 641 ने भाग जाणाऱ्या या दोन संख्यांची वजाबाकी केली की उरते ती नेमकी आपली संख्या.

फर्मा यांच्याच प्रमेयानुसार, घातांक एखाद्या विषम मूळ संख्येपेक्षा 1 ने लहान घेतला, तर 2 च्या त्या घाताला त्या मूळ संख्येने भागल्यास बाकी 1 उरते. संयुक्त असूनही ही संख्या 2 च्या या कसोटीला उतरते. 2 च्या जागी 3 घेतल्यावर मात्र ती उघडी पडते.

जर्मन गणिती गाउस यांनी 3, 5, 17 यांसारख्या, फर्मा यांच्या मालिकेतल्या मूळ संख्यांचा संबंध भूमितीशी जोडला. खुणा नसलेली पट्टी व कंपास वापरून विषम बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता यायची असेल, तर बाजूंची संख्या ही फर्मा यांच्या रूपातली मूळ संख्या किंवा अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते; ही अट अपरिहार्य असल्याचे 1837 मध्ये फ्रेंच गणिती वांत्सेल यांनी सिद्ध केले. 641 त्या रूपात बसत नाही, त्यामुळे इतक्या बाजूंची आकृती काढणे अशक्य आहे. आपल्या मूळच्या 4,29,49,67,297 पेक्षा फक्त 2 ने लहान असलेली 4,29,49,67,295 मात्र 3, 5, 17, 257 आणि 65,537 यांचा गुणाकार आहे, आणि तितक्या बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते.