लॅगिंग उतरवताना

(दृश्य: मे महिना. साखर कारखान्याचं बॉयलर हाऊस. चिमणीतून धूर नाही.)

गाळप संपलं. गव्हाणीतली शेवटची मोळी आत गेली आणि कारखान्यात ऑफ सीझन सुरू झाला. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन होईल, तोवर रोलर, पॅन, पंप, व्हॉल्व्ह सगळं उघडायचं, घासायचं आणि पुन्हा बसवायचं. वाळवा तालुक्यातल्या या जुन्या कारखान्यात यंदा आणखी एक काम निघालंय. टर्बाइनकडे जाणाऱ्या स्टीम लाइनचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता आत राखणारं वेष्टन, उतरवायचंय.

(दृश्य: पाइप जवळून. एका जोडापाशी पत्रा उचकटलेला.)

पत्र्याच्या आत पांढुरकं, प्लॅस्टरसारखं काहीतरी दिसतं. कडेला ते भुसभुशीत झालंय, नखानं उकरलं तरी भुगा पडेल. पूर्वी वाफेच्या नळ्यांना ‘८५ टक्के मॅग्नेशिया’ म्हणून ओळखलं जाणारं लॅगिंग सर्रास लावत. उरलेल्या १५ टक्क्यांत मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत, सगळा गठ्ठा धरून ठेवायला. या पाइपवर नेमकं काय आहे, हे नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. अहवाल हातात येईपर्यंत ते अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून चालायचं.

हे तंतू मोजताना जे धोक्याचे धरतात, त्यांची जाडी ३ मायक्रॉनपेक्षा कमी असते. माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड भरेल. असा तंतू हवेत तासन् तास तरंगतो आणि छातीत गेला की तिथेच राहतो. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) ही दुखणी दहा वर्षांनी दिसतात, कधी चाळीस वर्षांनी. धुळीचे कपडे घरी नेले, तर ते धुणाऱ्या बाईलाही हे दुखणं जडल्याच्या नोंदी जगभर आहेत. तोंडाला रुमाल बांधून इथे काहीही साधत नाही.

(दृश्य: पाइपवर बादलीनं पाणी ओतलं जातंय. पाणी ओघळून खाली.)

मग पाणी मारा की, असं कुणीही म्हणेल. बघा, बादलीभर पाणी ओतलं. वरचा थर काळपट झाला आणि बाकीचं पाणी फरशीवर आलं. आत दोन बोटं खाली सगळं कोरडं. छिन्नी लागली की हा कोरडा भागच फुटणार आणि धूळ उडणार. वरून ओलं दिसतं म्हणून माणूस निर्धास्त होतो, हे तर आणखी वाईट.

याचं कारण तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला सांगायला नको. औषध फवारताना तो पंपात स्टिकर, स्प्रेडर टाकतो. एरवी मेणचट पानावर थेंब गोळा होऊन घरंगळतो. स्प्रेडर पडला की तोच थेंब पसरतो. इथेही युक्ती तीच. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा करून ठेवणारा ताण, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. थोडंसं ओलं करणारं द्रव्य मिसळलं की तो ३० च्या घरात येतो आणि पाणी तंतूंच्या बारीक फटींतून आत ओढलं जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं सुचवलेलं जुनं प्रमाण असं: पॉलिऑक्सिएथिलीन एस्टर आणि पॉलिऑक्सिएथिलीन ईथर निम्मे निम्मे, आणि हे मिश्रण १९ लिटर पाण्यात साधारण ३० मिलिलिटर. बाजारात तयार द्रावणंही मिळतात. धुण्याची पावडर टाकून काम भागवण्याचा मोह मात्र टाळावा. नुसता फेस होतो, आणि ते द्रावण आत किती गेलं याची कुणाला खात्री देता येत नाही.

एक अडचण उरतेच. तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे अ‍ॅमोसाइट, पाण्याला सहज दाद देत नाही, द्रव्य मिसळलेल्या पाण्यालाही नाही. लॅगिंगमध्ये तो बऱ्याचदा सापडतो. तिथे भिजवण्यावरच भिस्त ठेवून चालत नाही. बंदिस्त जागा आणि हवा ओढून गाळणारं यंत्र यांवर भर द्यावा लागतो.

(दृश्य: सुयांची रांग पाइपमध्ये टोचलेली. नळी एका पंपाला जोडलेली.)

जाड थर असेल तर वरून फवारणी पुरत नाही. मग इंजेक्शन. पोकळ सुया थोड्या थोड्या अंतरावर आत टोचायच्या आणि अगदी कमी दाबानं द्रावण सोडायचं. दाब वाढवला तर द्रावण एखाद्या भेगेतून वाट काढून बाहेर येतं आणि आजूबाजूचं सगळं कोरडंच राहतं. या सुयांपाशी काम करणाऱ्याचं घड्याळाकडे लक्ष नसावं. काही वेळा तासाभरात भिजतं, काही वेळा रात्रभर थांबावं लागतं. मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा हाताला लागला की भिजलं असं समजायचं. पाणी गळायला लागलं तर जास्त झालं.

पाइप थंड हवा, वाफ बंद करून, व्हॉल्व्हला कुलूप लावून. गरम पाइपवर द्रावण वाफ होऊन जातं. जवळपासच्या वायरिंगचा पुरवठाही तोडलेला हवा.

(दृश्य: पाइपला गुंडाळलेली पारदर्शक पिशवी. पिशवीच्या आत दोन हातमोजे.)

जोड, व्हॉल्व्ह, वळणं अशा छोट्या जागांना ग्लोव्ह बॅग बरी पडते. जाड पॉलिथिनची पिशवी पाइपभोवती घट्ट बसवायची. तिला चिकटवलेल्या हातमोज्यांतून आत हात घालायचा. फवारणी, कापणी, गोळा करणं सगळं आतच. तुकडा सुटला की खाली टाकायचा नाही, पिशवीच्या तळाशी ठेवायचा. उघड्या झालेल्या पाइपवर पातळ केलेला बाइंडर मारून उरलेसुरले तंतू जागच्या जागी चिकटवायचे.

माणसांच्या अंगावर एकदाच वापरायचे पोशाख आणि चेहरा पूर्ण झाकणारे मास्क. झाडू नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या, फिल्टरच्या व्हॅक्यूमनं ओढायचं. ओला कचरा दुहेरी पिशवीत, वर धोक्याची चिठ्ठी. तो घातक कचरा धरला जातो. भंगारवाल्याच्या टेम्पोत त्याला जागा नाही, त्याची विल्हेवाट रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रातच.

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली एक आदेश दिला. अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध येणाऱ्या कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायची. दुखणं उशिरा येतं हे ओळखूनच हा आकडा आलाय. कंत्राटी हेल्पर मात्र या हंगामात इथे, पुढच्या हंगामात पलूसला. त्याची वही कुणाकडे असणार?

(दृश्य: टेंडरचे कागद, टेबलावर.)

कामाचा दर इथे फुटावर ठरतो. जितके फूट उतरवले तितके पैसे. रात्रभर भिजत ठेवलेल्या पाइपचा एक फूटही त्या दिवशीच्या मोजमापात येत नाही, म्हणून ठेकेदार सुया काढून छिन्नी उचलतो. भिजवण्याचा वेळ टेंडरमध्ये वेगळा लिहिला, त्याचा दर वेगळा दिला आणि द्रावणाची बिलं तपासली, तर त्याला छिन्नीची घाई राहणार नाही. या कारखान्यानं यंदाच्या कागदात तो रकाना घातलाय. पाइपचे पहिले चाळीस फूट उद्या सकाळपर्यंत भिजत आहेत.