गिलाव्यात घडलेला मकबरा

[दृश्य: दक्षिणेचे प्रवेशद्वार, सकाळचे ऊन. पितळी पत्र्यावरील वेलबुट्टी जवळून.]

बीबी का मकबऱ्यात शिरणाऱ्या बहुतेकांची नजर समोरच्या घुमटावर खिळते आणि ज्या दरवाजातून ते आत आले, तो पाठीमागे राहून जातो. लाकडी फळ्यांवर पितळेचा पत्रा मढवून त्यावर फुलापानांची नक्षी उठवलेल्या या दाराशी थोडे थांबायला हवे, कारण वास्तू घडवणाऱ्यांची नावे इथल्याच लेखात आली आहेत: स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. मुघल इमारतींवर बादशहांची नावे आणि कुराणातील आयती भरपूर आढळतात. स्थपतीचे नाव मात्र क्वचितच दिसते.

अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा, आणि उस्ताद अहमद हे ताजमहालाचे प्रमुख स्थपती मानले जातात. पण मुलाची ओळख केवळ वडिलांवरून करून देणे अन्यायाचे ठरेल. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथाचा फारसी अनुवाद याच अताउल्लाने १६३४-३५ च्या सुमारास केला आणि तो शाहजहानला अर्पण केला. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला, त्यांच्या गणिताचा हा अनुवादक पुढे पाटणच्या डोंगररांगेच्या अलीकडे, औरंगाबादेत, एका राजस्त्रीची कबर उभारायला आला.

[दृश्य: प्रवेशद्वाराच्या कमानीतून मुख्य वास्तू. कॅमेरा हौदावरून कारंज्यांच्या रांगेकडे.]

ती राजस्त्री म्हणजे दिलरास बानू बेगम. इराणच्या सफवी राजघराण्यातील शाहनवाज खानाची ही कन्या १६३७ मध्ये औरंगजेबाची पत्नी झाली. तो तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. मलिक अंबरने वसवलेल्या खडकी या नगराला पुढे त्याच्यावरून औरंगाबाद हे नाव मिळाले. आज हे शहर छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. सप्टेंबर १६५७ मध्ये दिलरास बानूने अकबर नावाच्या मुलाला जन्म दिला आणि त्यानंतर महिन्याभरातच ती वारली. त्याच सप्टेंबरात तिकडे दिल्लीत शाहजहान आजारी पडला होता. फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब सिंहासनासाठी उत्तरेकडे निघाला, त्याच वर्षी बादशहा झाला आणि मग अनेक वर्षे दख्खनमध्ये परतला नाही. त्या भाऊबंदकीच्या युद्धात शाहनवाज खान औरंगजेबाचा भाऊ दारा शुकोह याच्या बाजूने लढताना १६५९ मध्ये देवराईच्या लढाईत मारला गेला. जावयाविरुद्ध लढून पडलेल्या सरदाराच्या मुलीसाठी त्याच जावयाच्या राज्यात हा मकबरा उभा राहिला. तिला 'राबिया-उद-दौरानी' ही पदवी मिळाली, तीही मृत्यूनंतर.

हा मकबरा आजमशाहाने आईच्या स्मरणार्थ बांधला, असे सर्रास सांगितले जाते आणि सहलीला आलेल्या शाळकरी मुलांनाही तेच ऐकवले जाते. आजमशाहाचा जन्म १६५३ चा आणि वास्तू पूर्ण झाली ती १६६१ च्या सुमारास. आठ वर्षांच्या राजपुत्राने ती बांधवून घेतली, हे मानायला फार मोठे मन लागेल. काम औरंगजेबाच्या राजवटीतले, तिजोरी त्याची आणि आराखडा अताउल्लाचा, एवढे धरून पुढे जाणे बरे.

[दृश्य: उंचावरून संपूर्ण आवार. मागे डोंगररांग, शेजारी खाम नदीचे पात्र.]

वरून पाहिले की रचना एका नजरेत येते. दक्षिणोत्तर ४५८ मीटर आणि पूर्वपश्चिम २७५ मीटर असा आयताकृती तट, त्यावर कंगोरे, आत चारबाग पद्धतीची, म्हणजे चार भागांत विभागलेली बाग आणि पूर्व, पश्चिम व उत्तर तटांच्या मधोमध एकेक बारादरी, म्हणजे खांबांचा मंडप. प्रवेशद्वारापासून सरळ उत्तरेकडे जाणारा मार्ग, त्याच्या मध्यभागी कारंजी आणि दोन्ही बाजूंना कमी उंचीची जाळीदार भिंत. मार्गाच्या टोकाला उंच चौरस जोते, जोत्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आणि मधोमध घुमटाची मुख्य वास्तू.

[दृश्य: मुख्य वास्तू समोरून, स्थिर चौकट.]

इथे ताजमहालाची तुलना टाळता येत नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. वडिलांनी आग्र्यात वापरलेला आराखडा मुलाने इथे पुन्हा हाती घेतला, हे उघड आहे. मुख्य वास्तूची रुंदी ताजपेक्षा कमी असल्यामुळे ती उभट वाटते, आणि तिच्या मानाने मिनार जड व फार जवळ आल्यासारखे दिसतात. प्रमाणबद्धतेत ही इमारत ताजची बरोबरी करत नाही, हे मान्य करावेच लागते. मात्र 'गरिबांचा ताज' म्हणून तिची बोळवण करणाऱ्यांनी ती बहुधा या चौकटीच्या अंतरावरूनच पाहिलेली असते.

'तारीखनामा' या जुन्या ग्रंथात या बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. संगमरवर जयपूरच्या परिसरातील खाणींतून आला. सुरतेहून गोवळकोंड्याकडे निघालेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने वाटेत संगमरवराने लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या पाहिल्या, आणि त्यांतील लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. इतक्या लांबून आणलेला दगड काटकसरीनेच वापरावा लागणार होता. म्हणून जमिनीलगतचा पट्टा संगमरवराचा, वरचा घुमट संगमरवराचा, आणि या दोहोंमधला सगळा भाग इथल्याच काळ्या पाषाणाचा. त्या काळ्या पाषाणाला पांढरे करण्याचे काम चुन्याने केले.

[दृश्य: भिंतीवरील गिलावा अगदी जवळून. फुलांची परडी, वेल, कमानीच्या खांद्यावरील पाने. पुढे: दुरुस्तीच्या जागेवर चुना मळणारे हात.]

या कामाला गचकाम म्हणतात, आणि मकबऱ्याचे खरे वैभव ते आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना तयार होतो. तो पाण्यात टाकला की उसळतो, फुटतो आणि पीठ होतो. हा विरवलेला चुना पाण्याखाली बरेच दिवस मुरू द्यावा लागतो, कारण त्यात न विरलेला एखादा कण राहून गेला, तर तो भिंतीवर गेल्यानंतर फुगतो आणि गिलाव्याला खड्डा पाडतो. मुरलेला चुना वाळू किंवा विटांची भुकटी घालून चुन्याच्या घाण्यात, दगडी चाकाखाली रगडला जातो. पारंपरिक मिश्रणात गुळाचे पाणी, बेलफळाचा चिकट गर, भिजवून वाटलेले उडीद आणि बारीक कातरलेला ताग घालतात. गर आणि उडीद चिकटपणा देतात, तर तागाचे धागे वाळताना पडणाऱ्या भेगा आवरून धरतात. भिंतीवर चढलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत सावकाश पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे जे भट्टीत गमावले, तेच तो भिंतीवर पुन्हा मिळवतो.

पहिला थर जाडाभरडा, दगडाला धरून ठेवणारा, दुसरा पातळ, शेवटचा वस्त्रगाळ चुन्याचा आणि संगमरवराच्या भुकटीचा. हा शेवटचा थर ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटला जातो, आणि ती घोटाई इतकी नेटाची असते की, वाळल्यावर पृष्ठभाग संगमरवरासारखाच प्रकाश परतवतो. नक्षीसाठी, रांगोळीच्या टोचलेल्या कागदासारखा खाका भिंतीवर धरून त्यातून कोळशाची पूड झटकतात आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून पाकळ्या, देठ, पाने उठवतात. दगड कोरणाऱ्याला घाई नसते. गचकाम करणाऱ्याच्या हाताखालचे काम मात्र सतत घट्ट होत जाते. या पाकळीच्या कडेला धार आहे आणि तिच्या शेजारची पाकळी किंचित बोथट आहे. दोन्ही मुद्दाम दाखवत आहोत, कारण असा फरक हाताच्या कामातच राहतो.

संगमरवर परवडला नाही म्हणून चुना आला, हे खरे असेलही. तरी महाराष्ट्रातील मुघल वास्तूंमध्ये इतक्या मोठ्या पृष्ठभागावर इतके नाजूक गचकाम दुसरीकडे दिसत नाही, आणि या वास्तूचे मूल्यमापन करायचे तर ते याच कामावरून करायला हवे.

[दृश्य: आतील दालन. जाळ्यांतून पडणारा प्रकाश. कठड्यावरून खाली कबर.]

आतली रचना वेगळी आहे. ताजमहालात भेट देणाऱ्यांना दिसते ती वरच्या दालनातील प्रतिकबर. खरी कबर तळघरात आहे. इथे वरच्या दालनाच्या फरशीलाच अष्टकोनी उघडीप ठेवून तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा ठेंगणा कठडा केला आहे आणि त्यावरून डोकावले की, खालच्या पातळीवरील कबर थेट दिसते. तिच्याभोवती पुन्हा अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. वरून, घुमटाच्या जाळ्यांतून, प्रकाश येतो.

[दृश्य: पश्चिमेकडील मशीद, नंतर मिनाराच्या पायथ्याचा गिलावा.]

जोत्याच्या पश्चिमेची मशीद निजामाच्या काळातील. ती उभी राहिल्यामुळे त्या बाजूचे प्रवेशद्वार बंद झाले.

ज्याच्या जन्मानंतर दिलरास बानू वारली, त्या अकबराने १६८१ मध्ये वडिलांविरुद्ध बंड केले आणि तो छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याच्या मागोमाग औरंगजेब दख्खनमध्ये उतरला, मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत पोहोचला आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत उत्तरेत परतला नाही. त्याची कबर इथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, खुलताबादला आहे.

आज पावसाचे पाणी, सांध्यांत रुजणारी झाडे आणि भिंतींवर नावे कोरणारे हात यांमुळे गिलावा जागोजागी सुटतो आहे. त्यावर सिमेंट चालत नाही. सिमेंट भिंतीतील ओल आत कोंडून ठेवते, आणि त्या ओलीबरोबर येणारे क्षार शेजारचा जुना गिलावाही फुगवून पाडतात. म्हणून दुरुस्तीही चुन्यातच करावी लागते. नवा चुना जुन्यापेक्षा पांढरा दिसतो. मिनाराच्या पायथ्याशी वेगळा उठून दिसणारा हा पट्टा त्याच दुरुस्तीचा आहे.