वही मुकादमाची, यादी सरकारची

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीच्या वस्त्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांना न्यायला ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत आधी चढते पत्र्याची पेटी, मग ज्वारीचं पोतं, भांडी, कोपी म्हणजे राहायची झोपडी घालायचे बांबू, एखादी शेळी. सगळ्यात वर माणसं, आणि त्यांच्यात शाळेची पोरं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते, तेव्हा ही पोरं कोल्हापूर, सांगली, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगावच्या उसाच्या फडावर पोचलेली असतात.

आईबाप पहाटेच्या अंधारात तोडीला जातात. कोपीत उरते आठ-दहा वर्षांची पोरगी आणि तिच्या कडेवर धाकटा भाऊ. पाणी तिनं भरायचं, भाकरी तिनं थापायची. दुपारी भावाला घेऊन फडात जायचं आणि वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, गोळा करायचं; वाढ्याच्या पेंढ्या विकल्या की संध्याकाळच्या मीठमिरचीचं भागतं. तिला मजूर कुणी म्हणत नाही. तिची हजेरी ना शाळेत लागते, ना कारखान्यावर.

कागदावर मात्र तिला सगळे हक्क आहेत. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा. भारतानं तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. बालमजुरीच्या कलमापुरतं 'टप्प्याटप्प्यानं करू' असं सांगून. १ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्क कायदा आला. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही लिहिलंय. राज्याचा बाल हक्क संरक्षण आयोग २००७पासून आहे. तो चौकशी करतो, शिफारस करतो. निधी काही त्याच्या हातात नाही.

योजनाही आहे, आणि चांगली आहे. हंगामी वसतिगृह. आईबाप गेले तरी मुलानं गावातच राहायचं, रात्री आजीकडे झोपायचं, दोन वेळचं जेवण शाळेत. पण सर्वेक्षण, मंजुरी, मग निधी असा कागद फिरत राहतो, आणि अनेक ठिकाणी वसतिगृह सुरू होईपर्यंत ट्रॅक्टर कधीच निघून गेलेले असतात. 'पुढच्या महिन्यात जेवण सुरू होईल' एवढ्या शब्दावर कुठली आई पोर मागं ठेवेल? सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, यांचं दसऱ्याला. पैसा ऑगस्टमध्ये शाळेच्या खात्यावर हवा. त्याला नवा कायदा लागत नाही.

आणि सर्वेक्षण कसलं करायचं? मुकादमानं, म्हणजे मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदारानं, पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटलेली असते. कोणत्या वस्तीवरून किती कोयते, म्हणजे किती नवरा-बायकोच्या जोड्या, कोणत्या कारखान्याला जाणार, हे सगळं त्याच्या वहीत असतं. पैसा अडकलाय म्हटल्यावर वही चोख असणारच! ती माहिती मागायचा अधिकार सरकारनं वापरायला हवा. कारखान्याला गाळप परवाना दर हंगामाला साखर आयुक्तांकडूनच घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची ऊसबिलं थकवली तर तो अडतो. मग टोळ्यांबरोबर किती मुलं येणार, मजुरांच्या तळाजवळची शाळा कोणती, अंगणवाडी किती लांब, ही यादी त्याच अर्जाला जोडायला काय हरकत आहे?

मुलींचं दुखणं वेगळं. वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायला घर धजावत नाही. तिला फडावर नेतात, नाहीतर लग्न उरकतात. जोडी झाली की एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. राज्यानं २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना मंजूर केली, त्यात मुलींची वसतिगृहं वेगळी. मुलींच्या खाटा आधी भरायला हव्यात. आणि कुठं खाट हवी, गस्त हवी की दार आतून लागायला हवं, हे त्या मुलींना विचारायला हवं. मत मांडण्याचा हक्कही त्या बालहक्क करारात आहे.

राहता राहिला कर्नाटक. तिथं तळाजवळची शाळा बहुधा कन्नड, आणि पोरीच्या दप्तरात बालभारतीचं तिसरीचं पुस्तक. दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांनी दसऱ्याआधी याद्या एकमेकांना दिल्या, तर मोठ्या तळावर निदान एक मराठी शिक्षक पाठवता येईल. मुकादम तर दर वर्षी त्याच रस्त्यानं आख्ख्या टोळ्या पोचवतो.