कासवासाठी आधी जागा

नमस्कार श्रोतेहो. घरी कासव आणायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ते खातं काय? खाण्याचं आपण नंतर बोलू. आधी मला सांगा, ते राहणार कुठे? मी बोलतोय ते जमिनीवरच्या कासवाबद्दल, तळ्यातल्या नव्हे. त्याच्या बाबतीत एकच क्रम बरोबर आहे: आधी जागा, मग कासव. दिवे लावून झालेत, माती भरून झालीय, दोन दिवस थर्मामीटरवर नजर ठेवून झालीय, आणि मग कासव घरात आलंय, असा क्रम.

याचं कारण सोपं आहे. कासवाला अंगातली ऊब बाहेरून घ्यावी लागते. ऊब मिळाली तर ते हिंडतं, खातं, खाल्लेलं पचवतं. ऊब कमी पडली तर समोर कितीही चांगला पाला ठेवा, ते डोळे मिटून बसून राहील.

आता तुम्हाला एका कासवाची हकीकत सांगतो. ती जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, पण कासव पाळणाऱ्याला आजही तिच्याइतकं शिकवणारं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

इंग्लंडमध्ये सेलबोर्न नावाचं खेडं आहे. तिथे गिल्बर्ट व्हाइट नावाचा पाद्री राहायचा. पक्षी, कीटक, पाऊस, झाडांचा बहर, सगळ्याची रोजच्या रोज नोंद ठेवणारा माणूस. त्याची आत्या रिंगमर या गावी राहायची आणि तिच्या भिंतीबंद अंगणात तीस-एक वर्षांपासून एक कासव होतं. भूमध्य समुद्राकडच्या जातीचं, वजन साधारण तीन किलो. व्हाइट आत्याकडे जाई तेव्हा त्या कासवाकडे बघत बसे. अनोळखी माणसाकडे ते ढुंकूनही पाहत नसे, पण इतकी वर्षं खाऊ घालणारी म्हातारी अंगणात दिसली की खुरडत खुरडत तिच्या दिशेने निघे. हे त्याने लिहून ठेवलंय. पावसाची तर त्या कासवाला विलक्षण धास्ती. ठेवणीतली साडी नेसून निघालेली बाई पहिला थेंब पडताच आडोसा गाठते, तसं ते दोन थेंब पडले की डोकं लपवायला कोपरा शोधायचं. आणि शरद ऋतूत ऊन कोवळं झालं की भिंतीला टेकून पाठीची ढाल तिरकी करायचं, उन्हाची तिरीप पुरेपूर अंगावर यावी म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, श्रोतेहो.

1780 च्या मार्चमध्ये आत्या वारली. कासव त्या वेळी जमिनीखाली शीतनिद्रेत होतं. व्हाइटने ते उकरून काढलं. ते इतकं जागं झालं, की फुसफुसून त्याने आपली नाराजी दाखवली. मग मातीसकट पेटीत घालून, घोडागाडीतून ऐंशी मैल, म्हणजे जवळपास 130 किलोमीटर, त्याला सेलबोर्नला आणलं. रस्ताभर खडखडाट, हादरे. घरी पोचल्यावर त्याला बागेतल्या वाफ्यात सोडलं, तर ते बागेच्या टोकापर्यंत दोनदा चालत गेलं. संध्याकाळी गारठा पडला, तसं ते भुसभुशीत मातीत शिरलं आणि पुन्हा दिसेनासं झालं.

नव्या घरातला पहिला दिवस असा असतो. थोडं हिंडायचं, हद्द बघायची आणि मग लपायचं. पहिले काही दिवस कासव खात नाही, सारखं लपून राहतं, म्हणून घाबरून जाऊ नका. पण लपायला भुसभुशीत माती मात्र हवी. ती माती व्हाइटच्या वाफ्यात आधीपासून होती. म्हणून म्हणतो, आधी जागा, मग कासव.

त्या कासवाचं नाव टिमोथी. व्हाइटने त्याला वसंतात आणि शरदात तराजूवर ठेवून वजनं लिहून ठेवली. कर्ण्यातून मोठ्याने हाका मारून पाहिल्या, टिमोथीने दाद दिली नाही. एकदा पोहता येतं का हे बघायला पाण्याच्या टबात सोडलं, तर ते सरळ तळाशी गेलं आणि तिथेच पाय हलवत राहिलं, पार गांगरून. हे लक्षात ठेवा: जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. आणि 1784 च्या मे महिन्यात टिमोथी पळाला. बागेचं छोटं फाटक उघडं राहिलं असावं. आठवडाभर शोधाशोध चालली. शेवटी तो सापडला जवळच्या एका शेंगांच्या शेतात.

1793 मध्ये व्हाइट गेला, पुढच्याच वसंतात टिमोथीही गेला. त्याचं कवच आज लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. नंतर अभ्यासकांनी ते तपासलं तेव्हा कळलं, की टिमोथी मादी होती. इतक्या बारकाईने बघणाऱ्या माणसालाही ते जन्मभर ओळखता आलं नाही. तेव्हा विकणारा छातीठोकपणे नर-मादी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका. विशेषतः पिल्लाच्या बाबतीत. दोन नर एकत्र ठेवले तर जखमा होईपर्यंत भांडतात. कासवाला सोबतीची गरज नसते, एकच ठेवा.

व्हाइटच्या वह्यांवरून एक सांगावंसं वाटतं. आपण हल्ली फोटो खूप काढतो आणि नोंद ठेवत नाही. फोटोत वजन दिसत नाही. रोज दोन ओळी लिहायची सवय मुलांना शाळेत असतानाच लावली पाहिजे, मग घरात कासव असो वा नसो. आणि वाढदिवसाची भेट म्हणून प्राणी देणं तर पूर्ण बंद व्हावं, हे माझं ठाम मत आहे. कासव पन्नास वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतं. इतकी मोठी जबाबदारी रंगीत कागदात गुंडाळून कुणाच्या हातात देऊ नये.

असो. आता जागेबद्दल, थोडक्यात.

काचेची उभी पेटी नको. काचेपलीकडचं दिसतं, त्यामुळे कासव तासन्‌तास तिच्यावर धडका देत राहतं. हवाही कोंडते. वरून उघडा, अपारदर्शक भिंतींचा, ऐसपैस लाकडी ट्रे चांगला. त्यात माती आणि वाळूचा जाड थर, कासवाला अंग पुरता येईल इतका. एका कोपऱ्यात लपायची जागा, उथळ ताटलीत पाणी. एका टोकाला उष्णतेचा दिवा. त्याच्याखाली 32 ते 35 अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला वीस-बावीस अंश तापमान बहुतेक जातींना मानवतं. ट्रेमध्ये गरम टोक आणि गार टोक दोन्ही हवीत, म्हणजे टिमोथीसारखं तुमचं कासवही आपली जागा स्वतः निवडेल.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा. हा चैनीचा भाग नव्हे. या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या मदतीने खाण्यातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचतं. किरण मिळाले नाहीत तर कवच मऊ पडतं, पाय वाकतात. खिडकीतून येणारं ऊन चालेल का? नाही. काच हे किरण अडवते. पुन्हा सांगतो, काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. आणि नळी उजेड देत राहिली तरी तिच्यातले हे किरण हळूहळू संपतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्षभरात, ती बदला. बाहेर वाफा करणार असाल तर कुंपण जमिनीत खाली उतरवा. कासव खणतं, चढतंही.

खाण्याचं आता. टिमोथीसारख्या भूमध्य जातींना रानटी पाला, गवत, तण, जास्वंदीची पानंफुलं. फळं जवळजवळ नकोतच. पालकासारख्या भाज्या रोज नकोत, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मांस, पाव, कुत्र्यामांजराचं खाणं अजिबात नको. पाल्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरा. लाल पायांच्या कासवासारख्या दमट जंगलातल्या जातींना मात्र थोडी फळं आणि बरीच जास्त ओल लागते. म्हणून आपली जात कोणती, हे नक्की माहीत हवं. शीतनिद्रेचंही तसंच. उष्ण प्रदेशातल्या जाती शीतनिद्रा घेतच नाहीत, त्यांना गारठ्यात ठेवलं तर त्या मरतात.

आंघोळीसाठी कोमट पाणी, हनुवटीच्या खालपर्यंत, पंधरावीस मिनिटं. पिल्लांना रोज, कारण ती लवकर सुकतात. तोवर शेजारून हलायचं नाही. टबातला टिमोथी आठवा.

कवचाला भोक पाडून दोरी बांधू नका, रंग लावू नका. कवच जिवंत असतं, त्याला संवेदना असते. आणि सारखं उचलू नका. उचललंच तर साबणाने हात धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना माझं सांगणं असं, की खाऊ घालायचं काम मोठ्यांना करू द्या, तुम्ही बघायचं आणि लिहायचं.

राहता राहिली कागदपत्रं. जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती वन्यजीव व्यापारावरच्या सायटीस करारात आहेत. पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव तर 2019 मध्ये त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे रानातून पकडलेल्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. तुमच्याकडे कोणती जात पाळायला कायद्याने मुभा आहे हे वनखात्याला विचारा, आणि ते दिवे विकत घेण्याच्याही आधी विचारा. मुभा असेल, कागद हातात असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. कासव आलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्याची विष्ठा जंतांसाठी तपासून घ्या, आणि त्याच दिवशी पहिलं वजन वहीत लिहा. नमस्कार.