दोन विमानतळ, तीन अंतरं

[दृश्य: टेबलावर पृथ्वीगोल. हातात शिवणाचा दोरा.]

दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. आता ताणा. दोरा कुठे जातो पाहा. तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का, आणि मग वरून खाली कॅलिफोर्निया. साधारण 12,400 किलोमीटर. दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं की हाच आकडा सांगितला जातो. ताशी 900 ने भागा, पावणेचौदा तास येतात.

पण विमान दोऱ्यावरून जात नाही.

[दृश्य: तिबेटचं पठार, आकाशातून.]

दोऱ्याखाली हे आहे. सरासरी उंची 4,500 मीटरच्या आसपास. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला साधारण 3,000 मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या त्या पिवळ्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. इथे खाली यायचं म्हणजे डोंगरात शिरायचं. म्हणून वळसा.

एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. अंतर 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये मार्ग बदलला आणि विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून निघालं. अंतर 15,300. म्हणजे 1,400 किलोमीटर जास्तच. मुंबईहून दिल्लीला उडत जायचं, वर आणखी थोडं.

आणि तरी ते जवळपास दोन तास लवकर पोहोचलं. साडेचौदा तासांत.

[दृश्य: ढगांच्या लांबलचक, ओढल्यासारख्या रेषा.]

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्याचं गाव आपोआप जवळ येत असणार, असं शाळेत आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटलेलं असतं. तसं होत नाही. हवाही जमिनीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदीच वाहते, जेट स्ट्रीम. अटलांटिकवरून अमेरिकेला जाताना हे वारं तोंडावर येतं. पॅसिफिकवरून गेलं की पाठीवर.

15,300 ला साडेचौदाने भागून बघा. ताशी 1,050 च्या वर. विमानाचा स्वतःचा वेग 900 च्या घरातला. बाकीचं वाऱ्याचं देणं.

गंमत घड्याळाची. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. दिल्लीहून रविवारी पहाटे चारला निघालेला माणूस साडेचौदा तास उडून तिथे रविवारी सकाळी सहालाच उतरणार. दोन जेवणं, तीन सिनेमे, पायाला सूज, आणि घड्याळात दोनच तास.

[दृश्य: पृथ्वीगोल हळूहळू फिरतो आहे.]

येताना पुन्हा पॅसिफिकवरून आलं, तर तेच वारं समोरून. म्हणून 2017 च्या फेब्रुवारी–मार्चमध्ये एअर इंडियाच्या एका विमानाने, सगळ्या महिलाच असलेल्या चमूने, जाताना पॅसिफिक घेतला आणि परतताना अटलांटिक. दोन्ही वेळा वारं पाठीशी, आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. कार्तिकेय मोरावरून निघाला होता. यांच्याकडे बोइंग 777.