समाज कशाला म्हणायचं, संस्कृती कशाला?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

अध्यक्ष, कार्यकारिणी आणि मंडळी, नमस्कार.

मला विषय दिलाय ‘समाज आणि संस्कृती’, आणि वेळ दिलीय जेवणाच्या आधीची. म्हणजे लांबण लावायची सोय नाही.

हे दोन शब्द आपण जोडीनेच वापरतो. स्मरणिकेतल्या संपादकीयात तर एकाशिवाय दुसरा येतच नाही. सामाजिक शास्त्रांत मात्र त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या, तर परदेशात राहणाऱ्या माणसाची ‘आपली संस्कृती पुढे टिकणार का’ ही जी कायमची काळजी असते, ती आपण चुकीच्या ठिकाणी करतोय असं माझं मत आहे.

आधी समाज. पुष्कळ माणसं एका जागी असली म्हणून समाज होत नाही. विमानतळावर एकाच विमानाची वाट पाहणारे प्रवासी म्हणजे नुसता जमाव. पण विमान रद्द झालं की थोड्या वेळाने काय होतं बघा. कोणीतरी काउंटरवर बोलायला पुढे होतो, कोणी रांग लावतो, मध्ये घुसणाऱ्याला दोघंतिघं हटकतात, तान्हं मूल कडेवर असलेल्या बाईला पुढे सोडलं जातं. कोणी कोणाकडून काय अपेक्षा करायची, हे ठरू लागलेलं असतं. अशा अपेक्षा वर्षानुवर्षं टिकल्या, माणसं आली-गेली तरी चालू राहिल्या, की आपण त्याला समाज म्हणतो.

राल्फ लिंटन या मानववंशशास्त्रज्ञाने १९३६ साली यासाठी दोन कल्पना मांडल्या: दर्जा आणि भूमिका. दर्जा म्हणजे संबंधांच्या जाळ्यातली तुमची जागा. भूमिका म्हणजे त्या जागेवरच्या माणसाने कसं वागावं याबद्दल इतरांची अपेक्षा. काही दर्जे जन्माने चिकटतात, काही आपण कमावतो. आता यातली गंमत अशी, की कमावलेला दर्जासुद्धा पूर्णपणे आपल्या मालकीचा नसतो. तो समोरच्यांनी मानावा लागतो. देश बदललेल्या ज्या कोणाला पदव्या पुन्हा सिद्ध कराव्या लागल्या, त्यांना हे समजावून सांगायला नको. ज्ञान डोक्यात तेवढंच होतं, जाळं मात्र मागे राहिलं होतं.

हे जाळं डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा दाब जाणवतो. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ साली समाजशास्त्राच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने हा दाब हीच सामाजिक गोष्टीची खूण मानली. व्यक्तीच्या बाहेर असते आणि व्यक्तीला भाग पाडते, ती सामाजिक गोष्ट. आपण हेच ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांत भागवतो. पुढे १९०६ मध्ये सम्नर या अमेरिकन अभ्यासकाने या दाबाच्या पायऱ्या पाडल्या. लोकरीती, म्हणजे रोजच्या वागण्यातल्या चालीरीती, मोडली तर लोक हसतात किंवा नाक मुरडतात. लोकनीती, म्हणजे बऱ्यावाइटाचे पक्के नियम, मोडली तर लोक चिडतात, वाळीत टाकतात. आपल्या गटाच्या मोजपट्टीने साऱ्या जगाला मोजण्याच्या खोडीवरही त्याने लिहिलंय, पण त्या विषयाला हात घातला तर जेवण गार होईल.

हॅरल्ड गार्फिंकल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक प्रयोग मात्र सांगतोच. त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, आपल्याच घरी थोडा वेळ भाडेकरूसारखं वागा. अदबीने बोला, विचारल्याशिवाय बोलू नका, फ्रीज उघडायचा तर परवानगी घ्या. म्हणजे वागणं अधिकच सभ्य. तरीही बऱ्याच घरांत हलकल्लोळ झाला. आईवडील विचारू लागले, बरं नाही का, भांडण झालंय का, हे काय चाललंय? सभ्यपणानेही घर हादरतं, कारण मुलाच्या जागेवरून भाडेकरूची भूमिका केली गेली.

आता संस्कृती. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये केलेली व्याख्या अजून पाठ्यपुस्तकांतून हललेली नाही. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी अशी लांबलचक यादी तो देतो. यादी सोडून द्या, तिच्यापुढचं लक्षात ठेवा: हे सगळं माणसाने समाजाचा घटक म्हणून मिळवलेलं असतं. रक्तातून येत नाही, शिकावं लागतं. नंतर व्याख्यांचं इतकं पीक आलं, की १९५२ साली क्रोबर आणि क्लुकहोन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी त्या गोळा केल्या तेव्हा दीडशेच्या वर भरल्या. संस्कृतीत नाटक-संगीत तर येतंच, पण बोलताना किती अंतरावर उभं राहायचं, किती उशीर झाला म्हणजे माफी मागायची, गप्प बसणं कधी अवघड वाटतं, हेही येतं. हा दुसरा भाग आपल्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून स्मरणिकेत येत नाही.

शिकणं कोणत्या वाटेने होतं, हे जपानच्या कोशिमा बेटावरच्या माकडांनी छान दाखवलंय. १९५३ मध्ये अभ्यासकांनी इमो नावाच्या एका लहान माकडिणीला रताळ्यावरची वाळू पाण्यात धुताना पाहिलं. ही युक्ती तिच्या सवंगड्यांनी उचलली, तिच्या आईनेही उचलली. वयस्क नर मात्र मागे राहिले. (सभागृहातल्या ज्येष्ठ पुरुषांनी मनावर घेऊ नये.) ते मठ्ठ होते असं नाही, त्यांची पोरांमध्ये ऊठबसच नव्हती. जिथे संबंध होता तिथे युक्ती पोचली. आपली मुलं तरी काय वेगळं करतात? घरी आईबाप एका धाटणीने बोलतात आणि मूल मात्र बोलतं खेळगड्यांच्या धाटणीने.

याची मोठी साक्ष इतिहासात आहे. १४९२ मध्ये स्पेनने ज्यू लोकांना हाकलून दिलं. त्यांतले पुष्कळ ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्यात, सलोनिका (आता ग्रीसमधलं थेसालोनिकी), इस्तंबूल, इझमीर अशा शहरांत स्थिरावले. त्यांची जुनी स्पॅनिश तिथे चार शतकांहून अधिक टिकली. स्पेनमध्ये बदलून गेलेले काही उच्चारसुद्धा त्यांच्या तोंडी राहिले. संस्कृतीचा अभिमान सगळ्यांनाच असतो, तेवढ्यावर हे जमत नाही. त्यांच्याकडे त्या भाषेत चालणारे मोहल्ले होते, लग्नं होती, व्यापार होता, पुढे वर्तमानपत्रं होती. पोराला त्या भाषेतच उधारी मागावी लागे आणि त्या भाषेतच शिव्या खाव्या लागत. मधल्या काळात तुर्की, ग्रीक शब्द भरपूर शिरले, त्याने काही बिघडलं नाही. भाषा खचली ती दुसऱ्याच कारणांनी. आधी शाळा फ्रेंच झाल्या, मग राष्ट्रीय भाषांच्या झाल्या. आणि १९४३ मध्ये नाझींनी सलोनिकातले बहुसंख्य ज्यू मृत्युछावण्यांत पाठवले. पुस्तकं काही उरली, पण ती भाषा ज्या समाजात बोलली जायची तोच मोडला होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपण संस्कृतीची चिंता करण्यात जेवढा वेळ घालवतो, त्यातला बराचसा समाजाकडे वळवावा. आपल्या मेळाव्यात मुलांचा दर्जा काय? ती व्यासपीठावर चढतात, पाठ केलेलं म्हणतात, टाळ्या घेतात आणि खाली उतरून फोन काढतात. कलाकार किंवा प्रेक्षक, तिसरी भूमिका नाही. हिशेब मोठ्यांकडे, वाद मोठ्यांचे, रुसवेफुगवेसुद्धा मोठ्यांचेच. ज्या जाळ्यात आपली कोणाला गरज नाही, तिथली भाषा कोण कशाला शिकेल?

जेवणानंतर सर्वसाधारण सभा आहे. पुढच्या कार्यकारिणीत अठराच्या आतले दोन सदस्य घ्यावेत, त्यांना मताचा हक्क असावा आणि एका कार्यक्रमाचं अंदाजपत्रक पूर्णपणे त्यांच्या हाती द्यावं, असा ठराव मी मांडणार आहे. सूचक मी आहेच, अनुमोदक हवा आहे.