खंड ९६, रकाना ८५७

(ग्रंथालयाचं तळघर. लोखंडी फळीवरून एक जाड खंड खाली उतरतो.)

हा खंड ९६. याचे भाऊबंद मागे रांगेत उभे आहेत, एकूण १६१. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ख्रिस्ती आचार्यांचं, अगदी सुरुवातीपासून १४३९ पर्यंतचं, हाती लागेल तेवढं लेखन यात कोंबलंय. संचाचं नाव 'पॅट्रोलॉजिया ग्रेका'.

देखणी पुस्तकं नाहीत ही. टाइप बारीक, समास जेमतेम. पण पानाकडे नीट बघा. उभे दोन रकाने. एकात मूळ ग्रीक, शेजारी लॅटिन भाषांतर. क्रमांक पानाला नाही, रकान्याला आहे. मधल्या पट्टीत ए, बी, सी, डी अशी अक्षरं. त्यामुळे एक अभ्यासक नुसतं 'खंड ९६, रकाना ८५७' लिहितो आणि दुसऱ्या टोकाला बसलेला दुसरा अभ्यासक नेमक्या त्या जागी बोट ठेवतो. दीडशे वर्षं उलटली, अजून हेच चालतं.

(छापखान्याचं जुनं चित्र. कॅमेरा यंत्रांवरून सरकतो.)

हा उद्योग एका पाद्र्याचा. जाक-पॉल मीन्य. १८३६मध्ये पॅरिसच्या वेशीवर, पती-मोंरूजला, त्यांनी छापखाना काढला. जुळारी, मुद्रितशोधक, वाफेवरची यंत्रं, बांधणी, सगळं एकाच आवारात. आधी लॅटिन आचार्यांचे खंड, सूच्या धरून २२१. मग १८५७ ते १८६६ या काळात हे ग्रीक. दर वर्षाला सरासरी सोळा खंड!

एवढा वेग कुठून आला? जुन्या विद्वानांनी आयुष्य घालून सिद्ध केलेल्या संहिता मीन्य सरळ उचलत आणि पुन्हा छापत. आज आपण याला चोरीच म्हणू. ज्या पाद्र्यांकडे पैसे नसत, त्यांनी पुस्तकांच्या बदल्यात मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधी, म्हणायच्या, अशीही सोय होती. चर्चच्या वरिष्ठांना हा धंदा पसंत नव्हता. पण गावोगावच्या पाद्र्यांच्या कपाटात ओरिजेन आणि क्रिसोस्टोम यांसारखे जुने ग्रीक आचार्य पोचले ते याच माणसामुळे, हेही तितकंच खरं.

फेब्रुवारी १८६८. एका रात्रीत कारखाना जळाला. छपाईचे शिशाचे ठसे वितळून गेले.

(आगीचं चित्र. चार सेकंद निवेदन नाही.)

आता रकाना ८५७. इथे एक लांबलचक कथा सुरू होते. लेखक म्हणून नाव छापलंय आठव्या शतकातल्या ख्रिस्ती आचार्याचं, दमास्कसच्या योहानचं. कथा अशी : भारतातल्या एका राजाला मुलगा होतो. ज्योतिषी सांगतात, हा राज्य सोडून धर्माच्या वाटेला लागेल. राजा मुलाला महालात कोंडतो. म्हातारपण, रोग, मृत्यू काहीही त्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. एक दिवस मुलगा बाहेर पडतो, आणि नको तेच त्याला दिसतं.

ओळखीचं वाटतंय ना? कथेत मुलाचं नाव इओआसाफ, त्याच्या गुरूचं बार्लाम. लॅटिनमध्ये इओआसाफचा जोसाफात झाला, आणि १६व्या शतकाच्या अखेरीस गुरुशिष्य दोघंही रोमच्या संतनामावळीत दाखल झाले. तारीख २७ नोव्हेंबर.

(इटली, पार्मा. बाप्तिस्मागृहाचं दक्षिण दार. दारावरच्या कोरीव कमानीवर कॅमेरा स्थिर.)

याच कथेतला एक दृष्टांत इथे दगडात आहे. बांधकामाची सुरुवात ११९६ची. झाडावर बसलेला एक तरुण, हाताशी मध. खाली ड्रॅगन. आणि बुंध्याशी, जरा जवळून बघा, दोन इवलेसे प्राणी मुळं कुरतडताहेत. ग्रीक कथेत ते उंदीर आहेत, एक काळा, एक पांढरा. रात्र आणि दिवस. दोन्ही बाजूंना रथातून निघालेले सूर्य आणि चंद्र आहेत, तेही त्याचसाठी.

महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला हीच गोष्ट सांगतो. तिथे विहीर आहे, वेलीला उलटा लोंबकळणारा ब्राह्मण आहे, मधाचे थेंब आहेत, काळे-पांढरे उंदीरही आहेत. पार्माच्या पाथरवटाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही.

(पडद्यावर अरबी अक्षरं, मोठी करून.)

नावाचा प्रवास तर एका ठिपक्यावर फिरला. मूळ शब्द 'बोधिसत्त्व'. अरबी कथेत त्याचा 'बूदासफ' झाला. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीचे 'ब' आणि 'य' सारखेच दिसतात. खाली एक ठिपका असला की ब, दोन असले की य. कुणा लेखनिकाच्या हातून एक ठिपका जास्त पडला आणि बूदासफचा यूदासफ झाला. जॉर्जियन भाषेत इओदासाफ, तिथून ग्रीकमध्ये इओआसाफ. हे ग्रीक रूपही योहानचं नव्हे. ते एउथिमिओस या जॉर्जियन मठवासीयाचं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. तो १०२८मध्ये वारला.

फ्रेंच अभ्यासक लाबूले यांनी १८५९मध्ये आणि जर्मन अभ्यासक लीब्रेख्त यांनी १८६०मध्ये ही बुद्धचरित्राची कथा असल्याचं दाखवून दिलं. तौलनिक धर्माभ्यासाला हुकमी उदाहरण मिळालं.

पण याच रकान्यांत आणखी एक गोष्ट दडली होती.

(वाळवंट. सिनाईचा सेंट कॅथरीन मठ. सकाळ.)

अथेन्सचा आरिस्तिदेस. दुसऱ्या शतकात त्यानं रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती धर्माची कैफियत लिहिली होती. खाल्डियन, ग्रीक, इजिप्शियन, ज्यू, ख्रिस्ती, कोण कशाला देव मानतो याची तो एकेक करून झडती घेतो. ग्रीक मूळ हरवल्यात जमा होतं. १८८९मध्ये इंग्रज अभ्यासक रेंडेल हॅरिस यांना या मठात त्याचं सिरियाक, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतलं, भाषांतर सापडलं.

हॅरिस यांच्या पुस्तकाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, दुसरे इंग्रज अभ्यासक आर्मिटेज रॉबिन्सन यांनी वाचली होती. काही दिवसांनी ते व्हिएन्नाला गेले, संत पर्पेटुआच्या हौतात्म्यकथेचं एक हरवलेलं हस्तलिखित शोधायला. संतचरित्रांची लॅटिन बाडं चाळताना बार्लामची कथा समोर आली. कथेत एक तोतया बार्लाम आहे. त्यानं भर दरबारात ख्रिस्ती बाजू मुद्दाम कच्ची मांडून हरायचं, असा राजाचा डाव. तो उठतो, 'हे राजा' म्हणून सुरुवात करतो, आणि भाषण इतकं पक्कं होतं की डाव राजावरच उलटतो.

रॉबिन्सन थबकले. हे शब्द त्यांनी नुकतेच मुद्रितांत वाचले होते. कथाकारानं आरिस्तिदेसची कैफियत जवळपास जशीच्या तशी तोतयाच्या तोंडी घातली होती. हरवलेलं ग्रीक मीन्यच्या खंडात छापून तयार होतं. १८९१मध्ये हॅरिस आणि रॉबिन्सन यांनी केंब्रिजहून दोन्ही संहिता एकत्र प्रसिद्ध केल्या.

(खंड ९६ पुन्हा फळीवर जातो.)

पर्पेटुआचं हस्तलिखित मात्र रॉबिन्सनना व्हिएन्नात सापडलं नाही.